सात नंबरचा बिल्ला

पत्र मंगळवारी आले. ते वाचून मी घडी घातली, चष्म्याच्या घराखाली ठेवले आणि हात धुवायला न्हाणीघरात गेले. परत निघताना दार उघडेना.

यात नवल करण्यासारखे काही नव्हते. लाकूड फुगते, बिजागऱ्या उतरतात, ऐंशी वर्षांच्या बाईच्या मनगटात जोर राहत नाही. मी ही कारणे एकामागून एक तपासून पाहिली. कडी काढलेली होती. मूठ फिरत होती. दार मात्र भिंतीत चिणल्यासारखे उभे होते. शेवटी सुनेला हाक मारली. तिने बाहेरून एका बोटाने दार लोटले.

“आई, नुसतं टेकलेलं होतं.”

“मला उघडलं नाही.”

“दारंसुद्धा घाबरतात तुम्हाला,” ती म्हणाली. महिन्यातून दोनदा अशी थट्टा करण्याची मुभा मी तिला दिलेली आहे. समोरच्या घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. ते मी पाहिले आणि सोडून दिले.

पत्र फुटबॉल मैदानाच्या स्मारक समितीचे होते. बेचाळीस वर्षांपूर्वी त्या मैदानावरचा लाकडी स्टँड सामना चालू असताना जळाला. अडतीस माणसे गेली. स्मारकाच्या दगडावर मात्र सदतीस नावे आहेत. अडतिसावा सात नंबरच्या फाटकाचा फाटकवाला होता. ढिगाऱ्यात ना त्याचा देह ओळखता आला, ना किल्ली सापडली; चौकशी समितीने लिहिले की किल्ली जवळ असताना तो जागा सोडून गेला, फाटक कुलूपबंद राहिले आणि त्या एका फाटकामागे अकरा जणांचा जीव गेला. अशा माणसाचे नाव त्या अकरांच्या नावाखाली कसे कोरायचे, असे लोक म्हणाले, आणि ते राहून गेले. आता नवा दगड बसणार होता. फाटकवाल्याची मुलगी दरवर्षी एक पानी अर्ज करीत आली होती. त्या दिवशीच्या अधिकाऱ्यांपैकी हयात अशी मी एकटीच. तेव्हा मी समारंभात चार शब्द बोलावे आणि त्या नावाबद्दल माझे मत द्यावे, अशी समितीची विनंती होती. मी हो म्हटले तर नाव कोरले जाणार होते. नाही म्हटले तर कायमचे वगळले जाणार होते.

मी त्या मैदानाची प्रवेश अधीक्षक होते. माझ्याआधी त्या खुर्चीवर बाई बसली नव्हती, आणि माझ्यानंतर जी बसली तिला माझे नाव सांगून धाक घालीत असत. दहा फाटके, दहा फाटकवाले, दहा किल्ल्या. सकाळी फाटकवाल्याने माझ्या कचेरीच्या खिडकीशी यावे, आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीच्या फळीवर ठेवावा. मी तो भिंतीवरच्या फलकावर त्याच्या खिळ्याला अडकवून किल्ली द्यावी. काम संपले की उलट: किल्ली माझ्या पेटीत, बिल्ला त्याच्या खिशात. खिळ्यावर बिल्ला दिसला म्हणजे किल्ली फाटकवाल्याकडे. खिळा रिकामा म्हणजे किल्ली माझ्याकडे. याहून सोपी आणि चोख पद्धत मला अजून कोणी दाखवलेली नाही. फलक खोटे बोलत नाही, असे मी सर्वांना ऐकवीत असे.

“बाई, यम आला तर त्यालाही आधी बिल्ला ठेवायला लावाल,” सात नंबर एकदा म्हणाला होता.

माणसांना आम्ही नंबरानेच हाक मारायचो. सात नंबर उंच होता, पाठीत जरा वाकलेला, खोकला आल्यासारखा हसणारा. खिडकी वाजवण्याची त्याची एक रीत होती: लागोपाठ तीन टकटका, मग थोडे थांबून एक. बाकीचे नऊ जण वाटेल तशी खिडकी ठोकत. सात नंबर आला की मान वर न करता कळायचे.

नियम असा होता की सामना सुरू झाला की फाटकाला कुलूप घालावे आणि फाटकवाल्याने किल्लीसह तिथेच बसून राहावे. आगीच्या महिनाभर आधी सात नंबरने आपल्या मेहुण्याला मध्यंतरात फुकट आत सोडले आणि ते माझ्या नजरेस पडले.

“चूक झाली, बाई. बायकोचा भाऊ आहे. मला त्या घरात राहायचंय.”

“मैदान तुमच्या सासऱ्यांनी बांधलेलं नाही.”

मी शिक्षा सुनावली. इथून पुढे त्याने सव्वातीनला कुलूप घालून किल्ली माझ्याकडे आणून द्यावी आणि सामना संपायच्या दहा मिनिटे आधी घेऊन जावी. मधल्या काळात फाटकाशी नुसते बसावे. किल्लीविना बसलेला फाटकवाला, याहून मोठी नामुष्की मला सुचली नव्हती. त्याने खाली बघत एवढेच म्हटले, “चालेल. फक्त चौघांत सांगू नका, बाई.” मी ते मान्य केले. तो माझ्या मनाचा मोठेपणा आहे असे मला वाटले. अशा रीतीने ही गोष्ट कुठे लिहिली गेली नाही आणि आम्हा दोघांशिवाय कोणाला कळली नाही.

आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरी उघडली. ती स्टँडच्या टोकाला, विटांची होती. काचा तडकल्या होत्या, बाकी काही झाले नव्हते. फलकावर दहा खिळे होते आणि नऊ बिल्ले. दहावा, सात नंबरचा, माझ्या खिडकीच्या फळीवर पडला होता. तो तिथे कसा आला हे मी पुढे सांगेन. त्या सकाळी मी ते स्वतःलाही सांगितले नाही. मी तो उचलला आणि सातव्या खिळ्याला अडकवला. दोन बोटांचे काम. मग किल्ली पर्समध्ये टाकली. दहा वाजता चौकशीची माणसे आली आणि त्यांनी फलकाला सील ठोकले.

“बिल्ला खिळ्यावर आहे, म्हणजे किल्ली त्याच्याजवळ होती?” न्यायमूर्तींनी विचारले.

“फलक खोटं बोलत नाही,” मी म्हणाले.

पुढची बेचाळीस वर्षे मी सुरक्षिततेवर व्याख्याने दिली. हे लिहिताना माझी मान खाली जाते, पण खरे आहे ते आहे. शाळांत दिली, कारखान्यांत दिली, नाट्यगृहांच्या मालकांना समोर बसवून दिली. माणूस ज्या दाराने आत येतो त्याच दाराने बाहेर पडू पाहतो. पुढे मोकळे मैदान होते, तरी माणसे वळून वरच्या फाटकांकडे धावली. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षे खाली पडलेला कागदकचरा एका जळत्या काडीची वाट पाहत असतो. छपराला डांबरी कागद असेल तर पहिल्या धुरापासून छप्पर पेटेपर्यंत चार मिनिटे लागतात. आणि ज्या दारामागे माणसे आहेत त्या दाराला कुलूप नसावे. हे शेवटचे वाक्य मी टेबलावर बोट आपटून म्हणत असे. लोक ते लिहून घेत. माझी नात ते ऐकत मोठी झाली आणि आज त्याच मैदानावर सुरक्षा अधिकारी आहे. प्रत्येक सामन्याआधी ती सगळी दारे स्वतः खांद्याने ढकलून पाहते.

गुरुवारी मी डोळे दाखवायला दवाखान्यात गेले. तिथले काचेचे दार माणूस समोर आला की आपोआप सरकते. माझ्यापुढच्या बाईसाठी सरकले. मी समोर उभी राहिले तेव्हा सरकले नाही. मी एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले. काचेत माझे प्रतिबिंब होते, आणि मागे रस्ता. आतल्या रखवालदाराने येऊन नुसता हात हलवला, दार उघडले.

“तुम्ही त्याला दिसत नाही, आजी,” तो चेष्टेने म्हणाला. त्याच्या डोक्यावरच्या घड्याळात चार वाजायला वीस मिनिटे कमी होती.

शनिवारी लिफ्ट. रविवारी पुन्हा न्हाणीघर. सोमवारी सुनेने सुताराला बोलावले. त्याने दार उतरवले, रंध्याची गरज नाही म्हणाला, तेल घालून पुन्हा बसवले.

“हे फुंकरीनं उघडेल, आजी. दारात काही दोष नाही.” मग तो आतल्या बाजूने मुठीजवळ वाकला. “इथं कधी काही पेटवलं होतं का?”

मुठीभोवतीच्या रंगाला फोड आले होते, मसुरीच्या दाण्याएवढे. त्याने नखाने एक खरवडला. आत लाकूड काळे होते.

“गिझरची वाफ असेल,” सून म्हणाली.

“वाफेनं काळं होत नाही, वहिनी,” सुतार म्हणाला आणि आपली हत्यारे गोळा करू लागला. चहा न घेता गेला.

माझे मत मी समितीला अजून कळवले नव्हते. मनात मजकूर तयार होता: त्या कुटुंबाबद्दल सहानुभूती आहे, परंतु चौकशीचे निष्कर्ष बदलण्याचा अधिकार मला नाही. चांगले, घट्ट वाक्य. एकदा लिहायला बसलेही, पण ज्या खोलीत बसले होते तिचे दार मागे हळूच लागल्याचा आवाज आला आणि मी कागद ठेवून दिला.

समारंभाच्या दोन दिवस आधी नात मला मैदान दाखवायला घेऊन गेली. काँक्रीटचा नवा स्टँड, रुंद जिने, वर हिरवे दिवे. सात नंबरच्या जागी आता दुहेरी लोखंडी दार आहे. आतून आडवी दांडी, तिला हात टेकला की दार उघडते.

“बघ, आजी. याला कुलूपच नाही. लहान मूलसुद्धा उघडेल.” तिने दांडीवर एक बोट ठेवले आणि बाहेरचा रस्ता दिसला. “तुझ्यामुळे.”

मी दांडीला हात लावला नाही.

खालच्या मजल्यावर त्यांनी आगीच्या आठवणींची एक खोली केली आहे. काचेच्या पेटीत, शिशाच्या सीलसह, माझा फलक होता. दहा खिळे, दहा बिल्ले. नऊ बिल्ले हिरवट पडले होते. सातवा नुकताच घासल्यासारखा लखलखत होता.

“याला कोणी पॉलिश केलंय का?” मी विचारले.

“सील तुटलेलं नाही, आजी. प्रकाश तिथेच पडतो,” नात म्हणाली. दिवा दुसऱ्या बाजूला होता.

पेटीच्या पलीकडे पन्नाशीची एक बाई उभी होती. साधी साडी, खांद्याला कापडी पिशवी, पाठीत जरा वाकलेली. ग्रंथालयात काम करते, असे तिने सांगितले. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिने मला ‘बाई’ म्हटले, तिचे वडील म्हणत तसे.

“बाई, मी तुम्हाला गळ घालायला नाही आले. तुम्ही त्यांना रोज बघत होतात. ते पळून जाणाऱ्यातले होते का, एवढंच मनात आणून काय ते कळवा.”

“चौकशीत जे आलं ते आलं,” मी म्हणाले.

“हो. ते मला पाठ आहे.” ती हसली, खोकला आल्यासारखे.

समारंभ रविवारी होता. बरोबर तीन चाळीसला, छप्पर पेटले त्या वेळेला, एक मिनिट स्तब्धता, त्यानंतर माझे भाषण. घरून निघताना मी शिवणाच्या डब्यातून, बटणांच्या तळातून, सात नंबरची किल्ली काढली आणि पर्समध्ये ठेवली. ती मी का घेतली हे मला नीट सांगता येणार नाही. बेचाळीस वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. ती गरम होती, उन्हात ठेवलेल्या भांड्याइतकी. डबा सावलीत होता.

नातीने मला सात नंबरच्या दाराजवळच्या विश्रांतीच्या खोलीत बसवले. एक सोफा, पाण्याची बाटली, घड्याळ. खिडकी नाही. दाराला तीच आडवी दांडी.

“पाच मिनिटांत येते. माईक बघून.”

तीन वाजून छत्तीस मिनिटांनी मी उठले. लोकांना ताटकळत ठेवणे मला आवडत नाही. दांडीवर हात टेकला.

दार हलले नाही.

मी दोन्ही हात टेकले. मग खांदा लावला. माझा खांदा काय तो, पण लावला. दांडी खालपर्यंत दाबली जात होती. दार जागेवर होते. मी स्वतःला सांगितले की नव्या इमारतीत असे होते, की पलीकडे कोणीतरी खुर्ची ठेवली असेल. दांडी कोमट लागली. मग गरम. मी हात काढून घेतला.

वास आला. डांबराचा, आणि त्याखाली जुन्या रंगाचा.

पलीकडे माणसे होती. ओरडत नव्हती. पुष्कळ माणसे एका दाराशी दाटल्यावर श्वासांचा जसा एकच आवाज होतो तसा आवाज होता.

मग टकटक झाली. लागोपाठ तीन.

मी थांबले.

एक.

हा आवाज मी दोन जागी ऐकला होता. एक माझी खिडकी. दुसरी जागा मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आग लागल्याची हाकाटी झाली तेव्हा मी किल्ली घेऊन बाहेरच्या रस्त्याने सात नंबरकडे धावले. वीस पावलांवर थांबले. धग इतकी होती की भुवया जळाल्या. फाटकावर आतून हात आपटत होते, पुष्कळ हात. त्यांच्या मधून, वेगळी, सावकाश: तीन, आणि एक. तो मैदानाच्या बाजूने आत शिरून त्या फाटकापर्यंत वर आला होता. किल्ली घेऊन कोण येणार हे त्याला ठाऊक होते. तो माझीच खिडकी वाजवत होता.

किल्ली माझ्या मुठीत होती. मी वीस पावलांवर उभी राहिले. वाजणे थांबेपर्यंत.

“किल्ली माझ्याजवळ आहे,” मी त्या दाराला म्हणाले. आवाज माझाच होता, पण त्यात हुकूम नव्हता.

दांडी माझ्या हाताखाली आपसूक खाली गेली. बाहेर स्वच्छ पिवळे ऊन होते आणि समोर नात उभी होती.

“आजी, चल. अगं, तुझा हात बघ.” तळव्यावर आडवा लाल पट्टा उठला होता.

स्तब्धता संपल्यावर मी माईकसमोर उभी राहिले. लिहून आणलेले भाषण काढले नाही. मी सांगितले की सात नंबरच्या फाटकवाल्याकडे त्या दिवशी किल्ली नव्हती. ती माझ्या हुकमावरून माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी त्याचा बिल्ला मी स्वतः खिळ्याला टांगला आणि चौकशीत खोटे बोलले. त्याचे नाव दगडावर यायला हवे. मी पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

 मग एकाने टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. ते माझ्या धैर्याला टाळ्या देत होते. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्या आहेत. त्या टाळ्यांखाली मी जशी उभी होते तसे कोणाला कधी उभे राहावे लागू नये. नात टाळी वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, जसे एखाद्या दाराकडे बघावे, हे नक्की उघडते ना म्हणून.

संग्रहालयाच्या माणसाने सर्वांसमोर सील तोडले, किल्ली फलकाखाली गादीवर ठेवली आणि पेटीला नवे सील लावले. बिल्ला सातव्या खिळ्यावर तसाच राहू दिला. किल्ली परत आली की बिल्ला उतरवायचा असतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला होते. मी बोलले नाही.

फाटकवाल्याची मुलगी गर्दी ओसरल्यावर आली. तिचे डोळे कोरडे होते.

“बाई, एक विचारू? किल्ली तुम्हाला दिल्यावर बिल्ला त्यांच्या खिशात गेला असणार. मग तुम्हाला टांगायला मिळाला कुठून?”

बेचाळीस वर्षांत हा प्रश्न न्यायमूर्तींना पडला नाही, वर्तमानपत्रांना पडला नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही पडला नव्हता.

“खिडकीच्या फळीवर विसरून गेले होते,” मी म्हणाले.

“बाबा विसराळू नव्हते.” तिने पिशवी खांद्यावर सरळ केली. “परत आले होते का ते? किल्ली मागायला?”

नात माझ्या शेजारी होती. माझ्या हाताला धरून.

“नाही,” मी म्हणाले. “तेवढा वेळच नव्हता.”

तिने मान हलवली. “मग धूर दिसल्यावर काहीच केलं नाही म्हणायचं त्यांनी. असो. नाव लागेल, ते पुष्कळ झालं.” तिने वाकून मला नमस्कार केला. मी तो घेतला.

ही गोष्ट सहा दिवसांपूर्वीची. सोमवारी सकाळी संग्रहालयातून नातीला फोन आला. नवे सील शाबूत आहे, काच शाबूत आहे, किल्ली गादीवर आहे. सातव्या खिळ्यावर बिल्ला नाही. दहा खिळे, नऊ बिल्ले. त्या सकाळी मी पाहिले तसे.

“कोणाच्या तरी हातून गडबड झाली असेल,” नात म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. परवा जेवताना ताट पुढे करून म्हणाली, “आजी, त्या बाईंनी विचारलं तेव्हा तुझा हात थंडगार पडला होता.” मी वरण आणखी वाढायला सांगितले.

बुधवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक झाली. तीन, आणि एक. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. त्या खिडकीबाहेर उभे राहायला जागा नाही. मी गेले नाही. संध्याकाळी सून म्हणाली, “आई, खिडकीच्या बाहेरच्या कडेवर हे पितळेचं काय ठेवलंय तुम्ही?” मी म्हणाले, राहू दे. गुरुवारी तो खिडकीच्या आतल्या कडेवर होता. काल ओट्यावर. नंबराची बाजू वर, जशी फाटकवाल्याने ठेवायची असते.

आज शनिवार. सून आणि नात बाहेर गेल्या आहेत. सकाळपासून घराचे मुख्य दार मला उघडत नाही. म्हणून मी जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. हे त्या मुलीला द्यायचे आहे. नात आली की तिच्या हाती देईन आणि आधी तिला वाचायला लावीन.

तीन वाजून छत्तीस मिनिटांनी त्याने माझी खिडकी वाजवली. मी तक्ते भरत होते. त्याने बिल्ला फळीवर ठेवला.

“बाई, किल्ली द्या. फळ्यांखालून धूर येतोय. थोडासाच आहे, पण किल्ली जवळ असलेली बरी.”

मी मान वर केली नाही. “गेल्या महिन्यात मेहुणा, आज धूर. ठरल्या वेळी या.”

“बाई, खरंच येतोय.”

मी एका बोटाने बिल्ला त्याच्याकडे परत सरकवला. तो फळीच्या कडेवर थांबला. त्याने तो उचलला नाही.  मी पाहिले तेव्हा तो धावत होता, बाहेरच्या दिशेने नव्हे, स्टँडच्या दिशेने.

तुझे वडील किल्ली मागायला आले होते. मी दिली नाही.

एवढेच लिहायचे होते. मी लिहायला बसले तेव्हा बिल्ला ओट्यावर होता. पहिले पान संपले तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या कडेला होता. आता या कागदाच्या कोपऱ्यावर आहे. मी तो परत सरकवलेला नाही. कागद त्या जागी गोल, तपकिरी झाला आहे, पण अक्षरे वाचता येतील.